मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती तास लागतात?

तुम्ही लिहिलंय की आईबाबांना पुण्याहून न्यूयॉर्कला पाठवायचंय, म्हणून अंतर नि वेळ हवाय. मुंबईपासून अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. नॉनस्टॉप विमान मिळालं तर जाताना १५-१६ तास, येताना १४ च्या आसपास.

येताना कमी का, तर विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, येताना तो पाठीशी असतो आणि जाताना तोंडावर.

रस्ता मात्र नकाशात दिसतो तसा नाहीये, मलाही आधी वाटायचं की विमान अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जात असेल. घरी पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून बघा, दोरा वर सरकतो, मध्य आशिया, रशिया करत पार नॉर्वे-आइसलँडच्या बाजूला जातो आणि मग कॅनडाकडून खाली उतरतो. सगळ्यात जवळचा रस्ता तोच. पण वाटेतल्या देशांनी हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली तेव्हा असंच झालं, त्यामुळे बुकिंग करताना त्या तारखेचा वेळ बघूनच घ्या.

आता खरं सांगायचं तर आईबाबांसाठी १६ तास हा आकडा धरूच नका. पुण्याहून कॅबने मुंबई एअरपोर्ट ४ तास, तिथे ३-४ तास आधी पोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा यात दोनेक तास, म्हणजे घरापासून तिकडच्या एअरपोर्टबाहेर पडेपर्यंत २५-२६ तास झाले. दुबईवरून गेलात तर आणखी वाढतात, तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं हे खरं, पण वयस्कर माणसांना मधे विमान बदलायला लावण्यापेक्षा मी तरी थोडे पैसे जास्त घालून नॉनस्टॉपच घेईन.

घड्याळाचं पण त्यांना आधीच समजावून सांगा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत रात्री १ ला निघालं तर त्याच तारखेला सकाळी साडेसहा-सातला उतरतात, आणि शरीर म्हणत असतं संध्याकाळ झाली. बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, चेक-इन बॅगेत अजिबात नको.

आणि सीट आयलची, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची घ्या. माझी आई पहिल्या वेळी खिडकीशी बसली होती, शेजारच्यांना उठवायचं म्हणून संकोचाने १० तास जागची हलली नाही, पाणीसुद्धा कमी प्यायली, उतरताना पाय इतके सुजले होते की बुटाच्या लेस पूर्ण काढल्या तरी टाच आत जाईना, शेवटी नुसत्या मोज्यांवर व्हीलचेअरमध्ये बसवून बाहेर आणलं. परत येताना आयलला बसली, दर दोन तासांनी मागच्या किचनपर्यंत जाऊन यायची, तेव्हा काही त्रास झाला नाही.