पाण्याला वाट ठेवा: घरी बनवलेल्या बाइकच्या पार्टांविषयी वाचकांचे प्रश्न

घरच्या घरी बाइकचे पार्ट बनवण्याविषयी प्रश्न पाठवा म्हटलं, तर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवत आलो. आता रत्नागिरीत घराच्या पडवीत एक वाइस, आर्क वेल्डिंगचं मशीन आणि बेंच ड्रिल एवढ्यावर काम चालतं. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. घाटावर पार्ट वजनाने किंवा हादऱ्याने मोडतो. आपल्याकडे कोकणात तो आधी आतून गंजतो आणि मग मोडतो. म्हणून पुठ्ठ्यावर पार्ट आखतानाच विचारायचं: इथे पाणी साचेल का, आणि साचलं तर जाईल कुठून?

प्रश्न: सर, मी हर्णै बंदरातून मासळी घेऊन आजूबाजूच्या गावांत विकतो. स्प्लेंडरला चौकोनी पाइपचा कॅरियर गावातच बनवून घेतलाय, त्यावर मासळीचे आणि बर्फाचे क्रेट असतात. पावसाळा सरला की एकाच जागी वेल्डिंग तुटतं. वेल्डर म्हणतो, जाड पाइप घालू. घालू का? फोटो सोबत आहे.

जाड पाइप घालू नका, पैसे वाया जातील. तुमच्या फोटोतच उत्तर आहे. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. वरचा पाऊण भाग काळपट-तांबूस आहे आणि खाली एक बारीक कड चकचकीत. चकचकीत भाग कॅरियर तुटला त्या दिवशी तुटला. काळा भाग त्याच्या कितीतरी आधीच फाटला होता. त्या फटीत खारं पाणी जात होतं, गंज चढत होता, आणि तुम्ही उरलेल्या कडेवर क्रेट वाहत होतात. रात्री घाटात हे तुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करूनच मी हे उत्तर सगळ्यात आधी लिहायला घेतलं.

पाइपची मागची टोकं उघडी दिसतात. बर्फ वितळला की मासळीचं पाणी तिथून आत शिरतं, उतारावर पुढे वाहतं आणि वेल्डपाशी येऊन थांबतं, कारण तिथे पाइप बंद आहे. पाइप जाड केला तर तो थोडा उशिरा कुजेल, इतकंच. एक तर पाइप दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद करा, नाहीतर सगळ्यात खालच्या जागी ५-६ मिमीचं भोक पाडा. पूर्ण बंद करणार असाल तर शेवटचा वेल्ड मारताना एक बारीक भोक उघडं ठेवा. तापलेली हवा आत कोंडली तर ती वितळलेला धातू बाहेर फेकते आणि ती जागा कधी नीट भरत नाही. सगळं गार झाल्यावर ते भोक स्क्रू आणि सीलंट लावून बुजवा.

दुसरं, क्रेट फार मागे आहे. स्प्लेंडरच्या दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर असतं. ४० किलोचा क्रेट मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे टांगला, तर पुढच्या चाकावरचं वजन साडेनऊ किलोंनी कमी होतं आणि मागच्या चाकावर जवळजवळ ५० किलो येतं. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक हलकं झालं की हँडल वळवलं तरी गाडी वळत नाही. दोन क्रेट एकावर एक मागे ठेवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना, जमेल तितके खाली आणि आसाच्या पुढे बसवा. कॅरियरला चेसिसवर किमान चार आधार द्या. त्यातले दोन मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळ यायला हवेत. वजन घ्यायला कंपनीने तिथे चेसिस भक्कम केलेली असते. किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात.

सांध्यावर तिकोनी पट्टी लावाल तर तिचं टोक निमुळतं ठेवा. आखूड, जाड पट्टी लावली की तडा जातो तो तिच्या कडेलाच. वेल्डिंग रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुलैत उघडा पडलेला रॉड मारताना फटफटतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. पुढे गंज आत शिरतो तो तिथूनच.

रंगाचं काम एका दिवसात उरका. सकाळी ग्राइंडरने घासलेलं लोखंड आपल्याकडे संध्याकाळी तांबूस पडलेलं असतं. घासून झालं की गोड्या पाण्याने आणि ब्रशने धुवायचं, कारण गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं आणि नुसत्या घासण्याने ते निघत नाही. मग कडक उन्हात वाळवून दुपारपर्यंत प्रायमर. मीठ आत ठेवून वर कितीही महाग रंग मारा, पुढच्या पावसात तो फुगून येणारच.

आणि क्रेटखाली पत्र्याचा ट्रे लावून त्याला रबरी नळी जोडा. तिचं तोंड मागच्या चाकाच्या मागे, खाली निघालं पाहिजे. मासळीचं पाणी टायरवर किंवा ब्रेक ड्रमवर अजिबात पडू देऊ नका. नळीला टोकाला चिमटा लावा आणि वळणावर रस्त्यात पाणी सोडू नका. मागून येणारा पोरगा त्यावरून घसरतो.

प्रश्न: मालवणात राहतो. गाडीचे सगळे नट-बोल्ट गंजले म्हणून स्टेनलेसचे घालायचे ठरवलंय. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे माल अस्सल. बरोबर ना?

लोहचुंबकावर विसंबू नका. २०२ जातीचं स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, आणि किनाऱ्यावर त्यावर लवकरच तांबूस ठिपके येतात. ३०४ त्याहून बरं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तेच टिकतं. बोल्टच्या डोक्यावरचं लिखाण वाचा. ए२ म्हणजे ३०४ च्या घराण्यातलं, ए४ म्हणजे ३१६ च्या. काहीच कोरलेलं नसेल तर घेऊ नका. बोटींना सामान देणाऱ्या दुकानात ए४ मिळतं. महाग असतं, पण मोजकंच लागतं.

मोजकंच का, ते ऐका. इंजिनची झाकणं ॲल्युमिनियमची असतात. ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि दोघांमध्ये खारं पाणी, असं जमलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, आटे धरून बसतात आणि पान्याला जोर लावला की बोल्टबरोबर झाकणाचे आटेही निघून येतात. म्हणून तिथे स्टेनलेस घालायचं असेल तर आट्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावूनच घाला, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, प्रत्येक बोल्ट सैल करून पुन्हा ग्रीस लावून बसवा. स्टेनलेसच्या बोल्टला स्टेनलेसचाच नट असेल तर तोही सावकाश, ग्रीस लावूनच फिरवा. कोरडा आणि भराभर फिरवला तर आटे एकमेकांत अडकतात आणि कापल्याशिवाय सुटत नाहीत.

ब्रेक कॅलिपर, दोन्ही चाकांचे आस, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि इंजिन माउंटिंग, इथे हात लावू नका. तिथे कंपनीने ८.८ किंवा १०.९ ग्रेडचं पोलाद दिलेलं असतं. ए२-७० लिहिलेला स्टेनलेस बोल्ट ताकदीला ८.८ पेक्षाही कमी असतो. दिसायला चकचकीत असला तरी तो ती जागा सांभाळू शकत नाही.

प्रश्न: माझी उंची ४ फूट ११ इंच आहे, कुडाळला रोज बाइकने नोकरीला जाते. पाय टेकत नाहीत. भाऊ म्हणतो मागचे शॉकॲब्सॉर्बर कापून आखूड करू आणि ब्रेकचं पेडलही वेल्ड करून वर घेऊ. करावं का?

ताई, दोन्ही नको. शॉकॲब्सॉर्बर आखूड केला तर खड्ड्यात चाक मडगार्डला लागेल आणि गाडीचा तोल बदलेल. ब्रेकच्या पेडलला वेल्डिंग कधीच करायचं नाही. पेडलची उंची बहुतेक गाड्यांत स्क्रूने थोडी कमी-जास्त होते, तेवढी करून घ्या.

सीट मात्र घरी उत्तम होते. कव्हरच्या पिना काढा आणि फोम बसायच्या जागी दोन ते तीन सेंटिमीटर उतरवा. त्याहून जास्त काढलात तर तळाचा पत्रा नाहीतर प्लॅस्टिक टोचायला लागेल. उंचीपेक्षाही मांडीकडच्या कडा तासणं जास्त कामाचं असतं. पुढची बाजू अरुंद झाली की पाय सरळ खाली जातात आणि तेवढ्याने बराच फरक पडतो. आधी करवतीच्या पात्याने ढोबळ कापा, मग जाड पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद एकसंध घाला. शिवणीतून पाणी आत जाणारच, आणि एकदा फोम भिजला की ऑगस्टभर वाळत नाही. सीटच्या तळाला भोकं आहेत का बघा. नसतील तर सगळ्यात खोलगट जागी दोन पाडा.

प्रश्न: मुंबईला असतो, गणपतीला गुहागरकडच्या गावी येईन. भावाच्या वेल्डिंग मशीनवर बीएस६ बाइकचा सायलेन्सर कापून मोकळा करायचाय. साडी गार्डही काढायचाय.

सायलेन्सर करू नका. बीएस६ गाडीत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. कापाकापीत त्यांची वाट लागते आणि गाडी नको तेवढं पेट्रोल प्यायला लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला गाडीच्या मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाडीत म्हातारी माणसं, तान्ही मुलं असतात. आरतीनंतर रात्री त्या आवाजाने त्यांना काय होतं, ते गावी आल्यावर त्यांनाच विचारा.

साडी गार्ड तर राहू द्याच. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा असं केंद्रीय मोटार वाहन नियम क्रमांक १२३ मध्ये आहे, आणि गणपतीत तुमच्या मागे आई, नाहीतर काकी नऊवारी नेसून बसणार आहेत.

भावाचं मशीन आहेच तर सायलेन्सरवर पाय भाजू नये म्हणून दीड मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच बनवा. आधी पुठ्ठा कापून बसवून बघा. पत्रा गोल पाइपवर वाकवा, काटकोनात दुमडाल तर चिरेल. सायलेन्सरपासून बोटभर अंतर ठेवून क्लॅम्पने धरा आणि खालची बाजू उघडी सोडा. गाडीवर काहीही वेल्ड करायचं झालं तर पार्ट काढून करा. निघतच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. तो दूर चाकाला लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला चट्टे पडतात. पेट्रोलच्या टाकीला रिकामी असली तरी वेल्डिंगचा रॉड लावू नका, ती वाफेने फुटते.

प्रश्न: सर, मी सावंतवाडीत आयटीआयला आहे. करवंटीच्या कोळशाची भट्टी करून जुने पिस्टन वितळवून फूटरेस्ट आणि ब्रेक लिव्हर ओतायचाय. साच्याला किनाऱ्यावरची वाळू चालेल का?

तुझी हौस बघून आनंद झाला. करवंटीच्या कोळशाला ब्लोअरचा वारा दिला की ॲल्युमिनियम वितळतं, त्याला ६६० अंश सेल्सिअस पुरतात. पिस्टनमध्ये सिलिकॉन असल्याने तो ओतायलाही छान. इंजिनचं प्रत्येक झाकण मात्र ॲल्युमिनियमचं समजू नकोस. काही मॅग्नेशियमची असतात, पेटली तर पाण्याने विझत नाहीत, उलट भडकतात. ओळख पटली नाही तो तुकडा भट्टीत टाकायचा नाही.

किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो आणि ती गोळा धरत नाही. नदीची बारीक वाळू आणि चिकणमाती घे. पाणी इतकंच की मुठीत दाबलेला गोळा मोडल्यावर कड स्वच्छ राहिली पाहिजे. जास्त ओली झाली तर ओतताना वाफ होऊन धातू उसळतो. पावसाळ्यात हे काम करूच नकोस. मूस (धातू वितळवायचं भांडं), चिमटा, ढवळायची सळी, सगळं आधी भट्टीच्या कडेला तापवून कोरडं कर. सिमेंटच्या जमिनीवर ओतू नकोस. तिच्यातही ओल असते, धातू सांडला तर पापुद्रे उडतात. कोरड्या वाळूचा थर पसर आणि त्यावर साचा मांड. पायात चामड्याचे बूट, अंगात सुती कपडे, डोळ्यांना गॉगल. स्लिपर घालून भट्टीपाशी उभा राहिलेला विद्यार्थी मी वर्गात परत घेतलेला नाही.

ब्रेक लिव्हर ओतायचा नाही, फूटरेस्टही नाही. घरच्या ओतकामात आत हवेचे बुडबुडे राहतात, ते बाहेरून दिसत नाहीत, आणि खड्ड्यात तू उभा राहिलास की सगळा भार त्याच एका तुकड्यावर येतो. फूटरेस्ट पोलादी गोल सळईतून लेथवर बनव, तुमच्या आयटीआयमध्ये लेथ असेलच. तो बिजागरीवर वर दुमडला पाहिजे, नाहीतर वळणावर जमिनीला टेकून गाडी उचलेल. बिजागरीच्या खाचेला खालून भोक ठेव, तिथे लाल चिखल भरतो आणि पिन धरून बसते. ओतायला आरसा बसवायचा ठोकळा घे, हेल्मेटचा हुक घे, हँडलच्या टोकाची वजनं घे. पहिला तुकडा झाला की तो हॅकसॉने मधोमध काप आणि आतली भोकं मोजून मला फोटो पाठव. ओतायची वाट आणि हवा जायची वाट कुठे बदलायची ते मग सांगतो.