घराच्या सुरक्षेसाठी पिस्तूल: ९ मिमी, .४० की .४५, आणि त्यात कोणती गोळी भरावी?

आपण न्यू जर्सीत राहता, घराच्या सुरक्षेसाठी पहिलेच पिस्तूल घेत आहात आणि कॅलिबर (म्हणजे गोळीचा व्यास; .४० व .४५ हे आकडे इंचांत आहेत) व गोळी कशी निवडावी, असे आपण विचारले आहे. ९ मिमी घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गोळीच्या व्यासापेक्षा तिची बांधणी अधिक महत्त्वाची असते.

आज चालणाऱ्या वादाला ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीने मोठी चालना दिली. एफबीआयच्या एका एजंटाने झाडलेली ९ मिमी गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो लढत राहिला आणि त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. दोषाचा मोठा वाटा गोळीच्या पदरी पडला आणि एफबीआय आधी १० मिमीकडे, नंतर .४० कडे वळली. त्यातून निघालेली चाचणीपद्धत मात्र आजही उपयोगी आहे. जाड कपडे, जिप्समचा बोर्ड, प्लायवूड, पत्रा आणि गाडीची काच यांमागे जिलेटिनचा ठोकळा ठेवून गोळी झाडली जाते आणि ती १२ ते १८ इंच खोल जावी अशी अपेक्षा असते, कारण आडवा हात मध्ये आला तरी ती मर्मस्थानापर्यंत पोहोचली पाहिजे. पुढे गोळ्यांची बांधणी सुधारली आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने ९ मिमीच्या बाजूने कौल दिला: आधुनिक गोळ्यांच्या जखमांत फारसा फरक उरलेला नाही आणि बहुतेक नेमबाज ९ मिमीने अधिक जलद व अचूक नेम साधतात.

नेमबाजीच्या रेंजवर हा फरक हाताला लगेच जाणवतो. छोट्या पिस्तुलात .४० चा झटका तीव्र असतो, नळी वर उचलली जाते आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम पुन्हा जुळवण्यात वेळ जातो. .४५ ची २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी जड असली तरी तिचा फटका बसताच माणूस मागे फेकला जातो, हा निव्वळ चित्रपटी समज आहे. पिस्तुलाची गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, यावरच सारे ठरते.

सरावासाठी साधी, पूर्ण धातूच्या आवरणाची स्वस्त गोळी पुरेशी आहे. घरासाठी मात्र होलो पॉइंट वापरावी. तिच्या टोकाच्या खळग्यात शरीरातील द्रव शिरला की ती उमलते, पण आपल्याकडच्या हिवाळ्यातील जाड जॅकेटचे तंतू त्या खळग्यात गच्च बसले, तर ती न उमलता साध्या गोळीसारखी आरपार जाऊ शकते. म्हणून जाड कपड्यांच्या चाचणीत खात्रीने उमलणारी गोळी निवडावी; फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट, १२४ किंवा १४७ ग्रेन, यांपैकी कोणतीही चालेल. तरीही अमेरिकन घरांतील जिप्समच्या भिंती होलो पॉइंटलाही अडवत नाहीत, त्यामुळे कोणत्या भिंतीपलीकडे मुले झोपतात, हे पाहून आपण कुठे उभे राहणार व कोणत्या दिशेने गोळी झाडणार नाही, हे आधीच ठरवून ठेवावे. पिस्तूल कुलूपबंद पेटीतच असावे, हे तर ओघानेच आले.

न्यू जर्सीत होलो पॉइंट घरी ठेवता येते, पण परवाना असला तरी ती भरलेले पिस्तूल बाळगून सहसा बाहेर वावरता येत नाही. राज्य पोलिसांच्या ताज्या सूचना वाचूनच खरेदी करावी.

निवडलेल्या गोळीची निदान दोन-तीन खोकी आपल्याच पिस्तुलातून झाडून ती अडकत नाही याची खात्री करून घ्या. पिस्तूल रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत चढवू नका. त्यामुळे गोळी हळूहळू काडतुसाच्या पुंगळीत मागे ढकलली जाते आणि झाडताना आतला दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे धरल्यावर ते आखूड दिसले, तर ते बाजूला काढून रेंजवर विल्हेवाटीसाठी द्यावे.