गावाकडच्या माणसाला हार्टचा त्रास कमी होतो, हे अजून खरं आहे का?

थोडक्यात सांगायचं तर, हार्टचा धोका वाढवणाऱ्या बीपी आणि मधुमेहाचा आकडा अजून शहरात जास्त आहे, पण वाढीचा वेग गावातही कमी नाही. दिल्ली आणि आसपासच्या गावांत १९९१-९४ आणि २०१०-१२ असे दोनदा सर्वेक्षण झाले. उच्च रक्तदाब शहरात २३ टक्क्यांवरून ४२ वर गेला, गावात ११ वरून २९ वर. म्हणजे गावातली वाढ अडीच पटीहून जास्त! मधुमेहात मात्र अजून मोठी दरी आहे: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी अभ्यासात शहरी १६.४ टक्के, ग्रामीण ८.९.

हे आकडे आपल्या सोलापूर जिल्ह्याचे नाहीत, पण कारणं इथेही ओळखीची वाटतील. मंगळवेढ्याकडची ज्वारी आहेच, पण ताटात भात, मैदा नि तेलकट वाढलं. पायी किंवा सायकलवर होणारं येणं-जाणं मोटारसायकलवर गेलं, शेतात ट्रॅक्टर आला. तंबाखू आणि मावा तर आधीपासूनच होता. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच. (आणि हो, शेंगाचटणी बदनाम करू नका, मीठ बघा.)

गावाची खरी अडचण उपचाराची. करमाळ्याच्या आडगावातून छातीत दुखणारा माणूस 'पित्त असेल' म्हणून घरी थांबला, की अँजिओप्लास्टीसाठी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडण्यासाठी) सोलापूर गाठेपर्यंत मोलाचे तास जातात. तिशी ओलांडली असेल तर आरोग्य उपकेंद्रात बीपी, शुगर मोफत तपासतात, आईवडिलांना घेऊन जा.