सीलबंद नव्हे, दरज भरलेला

प्रश्न असा आला आहे: ‘विमानाच्या जुळणीत पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड केलेले सांधे गंजू नयेत म्हणून सीलबंद करतात, असं मी लिहिलं. मित्र म्हणतो, मोहोरबंद लिही. बरोबर काय?’

दोन्ही चूक. सीलबंद म्हणजे ज्याच्यावर शिक्का आहे, जो परवानगीशिवाय उघडायचा नाही असा: न्यायालयातला लिफाफा, मतदानयंत्र. आजकाल मोरीच्या फरशीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळंच ‘सीलबंद’ होतंय, ते ऐकून कान किटले. सांध्यात ओल शिरू नये म्हणून लुकण भरतात, तिथे शिक्क्याचा संबंध काय? आणि मोहोर तर त्याहून लांब.

या कामाचा शब्द आपल्या गवंड्यांच्या तोंडी रोज असतो: दरज भरणे. दगडी भिंतीत दोन चिऱ्यांमधली सांध्याची रेघ म्हणजे दरज. मूळ फारसी ‘दर्झ’, म्हणजे शिवण. त्याच शिवणीवरून कपडे शिवणारा तो दर्जी! फारसीतून हा शब्द अरबीत गेला आणि तिथे वैद्यांनी कवटीच्या हाडांमधल्या सांध्यांना तेच नाव दिलं. लॅटिनमध्येही त्या सांध्यांचं नाव ‘सुतुरा’, म्हणजे शिवणच. दर्जी, गवंडी आणि हाडांचा वैद्य, तिघांना जोडणारा एकच शब्द, आणि तो आपण टाकून द्यायचा?

दरज हा शब्द संस्कृत ‘दॄ’ म्हणजे फाडणे या धातूपासून आला, दरी आणि दरड यांचा तो सख्खा भाऊ, असं सांगणारे विद्वान आहेत. मला हे मुळीच पटत नाही. दरड फाटून कोसळते, दरी चिरल्यासारखी दिसते. दरज फाटलेली नसते, ती जोडलेली असते. अर्थ नेमका उलटा असताना निव्वळ दोन अक्षरांच्या साम्यावर नातं जुळवणं ही व्युत्पत्ती नव्हे, हट्ट आहे. फारसी मूळ मान्य केल्याने मराठीला कसलाही कमीपणा येत नाही.

विमानात तर हा शब्द चपखल बसतो. स्पॉट वेल्डिंगने पत्रे ठिपक्याठिपक्यांवरच जुळतात. दोन ठिपक्यांमध्ये केसाएवढी फट उरते आणि तीच दरज. केशाकर्षणाने पाणी तिथे आपोआप ओढलं जातं, धुण्याची रसायनं अडकून बसतात आणि अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं. त्यातून होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, म्हणून पत्रे फुगून एकमेकांपासून सुटू लागतात. सोव्हिएत आंतोनोव्ह २४ च्या बांधणीत अशा सांध्यांसाठी वेल्डिंगच्या जोडीला गोंद वापरला, तो दरज भरण्याचाच प्रकार.

रिव्हेटच्या सांध्यांची गोष्टही वेगळी नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढच्या भागातलं छप्पर हवेतच उडालं आणि एका हवाईसेविकेचा जीव गेला. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांमधला चिकटपट्टा सुटला होता, आत ओल जाऊन गंज धरला होता, सगळा भार रिव्हेटवर येऊन भोकांशी तडे गेले होते. बोइंगने त्याच्या कितीतरी आधी, पुढच्या ७३७ विमानांसाठी, तो चिकटपट्टा सोडून पत्र्यांच्या मधे सीलंट भरायला सुरुवात केली होती. हे विमान त्याआधीच्या बांधणीचं होतं.

तेव्हा ‘सांध्यांच्या दरजा भरतात’ असं लिहा. दरज स्त्रीलिंगी, अनेकवचन दरजा. बोलताना ‘दर्जा’ असा उच्चार होतो, त्यामुळे कामाच्या अंदाजपत्रकांत ‘दर्जा भरला’ असं छापून येतं. तो प्रतवारीचा दर्जा अरबी ‘दरजा’ म्हणजे पायरीवरून आला, पुल्लिंगी आहे आणि इथे त्याचं काही काम नाही. दरजा भरल्या, असंच म्हणायचं.