टायगर मॉथचे रॉड आणि तुमची सही

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आहे. ठाण्यातल्या एका हौशी गृहस्थांनी बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून टायगर मॉथ हे जुन्या बनावटीचं, एकावर एक पंखांचं प्रशिक्षण विमान घेतलं. ते आधी हवाई दलात होतं. आता शहापूरकडच्या त्यांच्या फार्महाउसवर शेडमध्ये उभं आहे. ‘शोभेसाठी उभं करायचंय’ असं सांगून त्यांनी कोटेशन मागितलं. जुने नमुने मोजून मी टाय रॉड (दोन भाग एकमेकांना ताणून धरणाऱ्या सळया), बोल्ट, ब्रॅकेट बनवले आणि त्यांनी दिलेली काही जुनी फिटिंग्ज दुरुस्त केली. आता ते म्हणतात, दसऱ्याला शेतातल्या पट्टीवरून उडवायचंय, एक निवृत्त वैमानिक तयार आहेत. ‘हे भाग उड्डाणयोग्य आहेत’ असं लेटरहेडवर लिहून दिल्याशिवाय उरलेले २ लाख ८० हजार देणार नाहीत. चार रॉड त्यांच्याकडे गेलेत, बाकी माल माझ्याकडे आहे. ‘विमान माझं, जमीन माझी, विचारतंय कोण?’ हे त्यांचं पालुपद. मी काय करू?

उत्तर : सही करू नका. पैशांचं पुढे बोलू, ते मिळण्यासारखे आहेत. सही मात्र एकदा दिली की परत घेता येत नाही.

आधी त्यांच्या पालुपदाचा समाचार घेऊ. जमीन त्यांची असेल, वरचं आकाश त्यांचं नाही. १ जानेवारी २०२५पासून १९३४च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. विमान उडवणं, बनवणं, दुरुस्त करणं, विकणं, एवढंच काय, जवळ बाळगणंसुद्धा सरकारी नियमांखाली येतं. १९३७चे विमान नियम अजून चालू आहेत आणि त्यांचा गाभा सोपा आहे : नोंदणी नसेल आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला नसेल, तर विमान उडवायचं नाही. पट्टी शेतातली आहे की सांताक्रूझची, याने त्यात फरक पडत नाही.

‘हवाई दलाचं विमान आहे’ हा मुद्दा ते पुढे आणतीलच. लष्करी विमानांना या कायद्यातून सूट आहे हे खरं, पण ती सूट विमान सेनादलांच्या मालकीचं किंवा केवळ त्यांच्या वापरात असेपर्यंतच. हवाई दलाच्या ‘व्हिंटेज फ्लाइट’मधलं टायगर मॉथ किंवा २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आलेलं ‘परशुराम’ हे डकोटा जातीचं जुनं मालवाहू विमान उडतं ते हवाई दलाच्या देखरेखीखाली. तुमच्या ग्राहकाचं विमान फ्लाइंग क्लबला गेलं त्याच दिवशी ते नागरी झालं. विमानावर भारतीय नोंदणीची जुनी ‘व्हीटी’ अक्षरं दिसत असतील, तर ती नुसती रंगाची समजा. नोंदणी मालकाच्या नावावर चालू आहे का, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या नोंदवहीतच कळेल. ते त्यांना बघू द्या, तुमचं काम नाही.

आता तुमच्या रॉडकडे येते. टाय रॉड म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण टायगर मॉथमध्ये तो कुठे बसतो ते पाहा. खालचे पंख धडाला जोडतात ते हेच आडवे रॉड. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एक टायगर मॉथ समुद्रात कोसळलं, वैमानिक आणि प्रवासी दोघेही गेले. तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या तपासात निघालं की धडाचे दोन्ही रॉड तुटले होते, आणि तुटले होते ते आट्यांपाशी. तिथे धातू थकून आधीपासून तडे गेले होते. रॉड मूळ कारखान्याचे नव्हते, नंतर बनवलेले होते, आणि ठरलेलं आयुर्मान संपायच्या कितीतरी आधी गेले. बरं, ते बनवणारा अधिकृत मंजुरीवाला होता! तुमच्याकडे तर तीही नाही. तुम्ही व्हर्नियरने जुना रॉड मोजलात, जवळपासच्या ताकदीचं पोलाद घेतलंत आणि लेथवर आटे पाडलेत. शोकेससाठी हे उत्तम काम आहे. पण कापून पाडलेले आटे आणि धातू दाबून रोल केलेले आटे, यातले कोणते आधी थकून तडकतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, आणि कोर्टात नेमका हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

कायद्याच्या दृष्टीने विमानाचा भाग नुसता धातूने पुरा होत नाही. उत्पादनाची मंजुरी असलेल्या संस्थेने तो बनवावा लागतो, सोबत तो मंजुरीनुसार बनल्याचं अधिकृत सुटका-प्रमाणपत्र (रिलीज सर्टिफिकेट) लागतं, आणि तो बसवून सही करणारा देखभाल अभियंता परवानाधारक असावा लागतो. पिस्टन इंजिनच्या विमानांसाठी त्या परवान्याचा वर्ग बी१.२ असतो. त्यातही लाकडी बांधणी आणि कापडी आवरणाचं काम त्याच्या परवान्यात बसतं का, हे वेगळं तपासावं लागतं, कारण टायगर मॉथचे पंख लाकूड आणि कापडाचे आहेत. तुमचं लेटरहेड या साखळीत कुठेच बसत नाही. मग ते त्यांना हवंय कशाला? मी वीस वर्षं कोर्टनाक्यावर वकिली करते. असा कागद मागणाऱ्या माणसाला कायद्यापुढे दाखवायला काही नको असतं. उद्या काही झालं तर बोट कुणाकडे दाखवायचं, ते हवं असतं.

आणि काही झालं तर? निष्काळजीपणाने मृत्यू घडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. विमान कायद्याच्या उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती मुख्यतः उडवणाऱ्या-उडवू देणाऱ्यावर येईल, हे मान्य. पण ‘उड्डाणयोग्य’ लिहून खाली सही करणारा माणूस स्वतःहून त्या रांगेत जाऊन उभा राहतो. विमा कंपनीचं तर विचारूच नका, दाखला नसलेल्या विमानाचा दावा ती नाकारणारच.

‘बरं, उडवत नाही, पाहुण्यांसमोर नुसतं पळवून दाखवतो’ असंही कदाचित म्हणतील. मूळ टायगर मॉथला ब्रेक नसतात, सेल्फ-स्टार्टरही नसतो. पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून इंजिन चालू करतात. दसऱ्याला पोरंबाळं शेडभोवती जमलेली असताना हा प्रकार! हलकं विमान, समोरून वारा, जरा वेग जास्त. उचललं गेलं तर ते उड्डाणच. याला तुमचे भाग लावू नका म्हणजे लावू नका.

सरळ मार्ग नाही असं मात्र नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर २०१७ मध्ये त्यांच्या विमानाची नोंदणी झाली. विमान त्यांनीच बांधलेलं, तरी कागद टळला नाही. तुमच्या ग्राहकाला खरंच उडवायचं असेल, तर डीजीसीएकडे नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा अर्ज, मान्यताप्राप्त देखभाल संस्था, परवानाधारक अभियंता हा रस्ता आहे. टायगर मॉथच्या आराखड्यांची जबाबदारी आज ब्रिटनमध्ये डक्सफर्डच्या डी हॅविलंड सपोर्टकडे आहे. कागदासकट रॉड कुठे मिळतील, हे त्यांनी तिथे विचारावं. दसऱ्यापर्यंत हे होणार नाही.

आता पैसे. तुमचं कोटेशन शोभेच्या मांडणीसाठीचं आहे आणि दाखल्याची अट त्यात नाही, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. ती सांभाळा. उडवायचा विषय व्हॉट्सअॅपवर आला असेल, तर त्याला ‘ओके’ किंवा अंगठा पाठवला नाहीत ना, ते आजच पाहा. बेकायदा हेतूसाठी केलेला करार, करार कायद्याच्या कलम २३ खाली रद्दबातल ठरतो, आणि समोरचा वकील नेमकं हेच उकरून काढेल की ‘यांना आधीपासून माहीत होतं’. कोटेशन, डिलिव्हरी चलन, बिल आणि पहिला मेसेज एकत्र करून ठेवा. मेसेज डिलीट मात्र करू नका, तुमच्या विरुद्ध जाणारेसुद्धा.

तुमच्याकडच्या मालाचे दोन ढीग करा. तुमच्याच पोलादातून बनवलेले नवे भाग : वस्तुविक्री कायद्याखाली पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला ते रोखून ठेवता येतात. त्यांनी दुरुस्तीला दिलेली जुनी फिटिंग्ज : करार कायद्याच्या कलम १७० खाली, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती ठेवता येतात, पण त्याच कामाच्या मजुरीपुरती. सगळ्या बिलासाठी ती अडकवू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल. वसुलीसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याने स्थापलेल्या सुकरता परिषदेकडे अर्ज करा. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असली पाहिजे. पंचेचाळीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हा आकडा नोटिशीत मांडला की बऱ्याच जणांना चेक सापडतो.

राहिले गेलेले चार रॉड. या आठवड्यात स्पीड पोस्टने आणि ईमेलवर पत्र पाठवा : ‘हे भाग केवळ स्थिर प्रदर्शनासाठी बनवले आहेत. ते उड्डाणासाठी तपासलेले वा मंजूर नाहीत. विमानात बसवले असतील तर काढून परत करावेत, त्यांची किंमत बिलातून वजा करू.’ चार रॉडच्या पैशांवर पाणी सोडा, महाग नाही. इथून पुढच्या प्रत्येक तुकड्यावर ‘प्रदर्शनासाठी’ कोरा. आठ दिवसांत रॉड आले नाहीत आणि दसऱ्याचा बेत कायम दिसला, तर त्या पत्राची प्रत डीजीसीएच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयाला आणि फार्महाउसच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला द्या, आणि पोचपावती घ्या. ग्राहक तुटेल, हे मला दिसतंय. पत्र तरीही पाठवा, आणि पाठवण्याआधी मसुदा एकदा मला दाखवा.