सातवीच्या मुलांना सांख्यिकीची सुरुवात कशी करून द्यावी? ‘सांख्यिकी प्रश्न’ म्हणजे काय, हे त्यांना कसं समजवायचं?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच सातवीचं गणित मिळालंय. सांख्यिकी सरासरीपासून घेऊ की स्तंभालेखापासून, असा तुमचा घोळ आहे आणि ‘सांख्यिकी प्रश्न’ कळावा म्हणून कुणाकडे तयार वर्कशीट आहे का, असंही विचारलंय.

दोन्हीपासून नको. वर्कशीट तर नकोच नको. वर्कशीटवरचे आकडे कुणाचे असतात? कुठल्यातरी काल्पनिक शाळेतल्या काल्पनिक मुलांचे. मुलं त्यांची बेरीज करतात, भागतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि विसरतात. प्रश्नापासून सुरुवात करा, आणि प्रश्न मुलांचा असू द्या.

व्याख्येत फार वेळ घालवू नका. ‘तुझं दप्तर किती किलोचं?’ हे काट्यावर ठेवलं की संपलं. ‘आपल्या वर्गातल्या मुलांची दप्तरं किती किलोची?’ इथे उत्तरं वेगवेगळी येणार हे विचारतानाच माहीत असतं, म्हणून हा सांख्यिकी प्रश्न. अमेरिकेत २०१० साली शालेय गणिताची जी मानकं ठरली, त्यांत सहावीची सांख्यिकी नेमकी इथूनच सुरू होते: ‘माझं वय किती?’ हा सांख्यिकी प्रश्न नाही, ‘माझ्या शाळेतल्या मुलांची वयं किती?’ हा आहे. मुलं फसतात ती वेगळ्याच ठिकाणी. त्यांना वाटतं, आकडा आला की सांख्यिकी. ‘वर्गात बाकं किती?’ यात आकडा आहे, पण सांख्यिकी नाही, कारण कुणीही मोजली तरी बाकं तेवढीच. उलट ‘आपल्या वर्गातली मुलं शाळेत कशी येतात?’ याच्या उत्तरात आकडा नाही, चालत, सायकल, रिक्षा असली उत्तरं येतात, तरी तो सांख्यिकी प्रश्न. हे दोन प्रश्न शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. अर्धा तास मुलं आपसात भांडतात आणि तुम्हाला बोलावं लागत नाही.

आता मी हे उत्तर का लिहायला बसले ते सांगते. मी सोलापुरात पूर्व भागातल्या मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, असं घर इथे गल्लीगल्लीत आहे. एका वर्षी सातवीला मी असंच विचारलं होतं, ‘तुम्हाला एकमेकांच्या घरांबद्दल काय जाणून घ्यायचंय?’ आधी ठरलेले प्रश्न आले. आवडता क्रिकेटपटू, आवडतं आईस्क्रीम. मी ते निमूट लिहिले. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘कुणाची आई जास्त विड्या वळते ते बघू की बाई.’ वर्ग हसला आणि लगेच भांडायलाही लागला, कारण प्रत्येकाची आई पहिली.

मी म्हटलं, ‘कुणाची आई जास्त’ याला एकच नाव उत्तर येईल आणि मग तुम्ही मारामारी कराल. प्रश्न बदला. बदलत बदलत तो असा झाला: ‘आपल्या वर्गातल्या घरांत दिवसाला किती विड्या वळल्या जातात?’

इतका साधा प्रश्न, पण तो धड करायलाच दोन तास गेले. आणि सांख्यिकी खरी शिकवली गेली ती त्या दोन तासांत, नंतरच्या बेरजा-भागाकारात नाही, असं माझं ठाम मत आहे. दिवसाला म्हणजे कुठल्या दिवशी? पान चांगलं आलं तर जास्त होतात, वाळकं आलं तर फाटतं आणि कमी होतात. मग सगळ्यांनी एकच दिवस धरायचा ठरलं, गुरुवार. छाट धरायची की नाही? (बाहेरच्यांसाठी सांगते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि कारखान्यात माल देताना ज्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतात ती छाट.) यावर मुलं तावातावाने बोलली. ‘आईनं वळल्यात ना? मग धरायच्या,’ असं एका मुलीनं म्हटल्यावर छाटीआधीचा आकडा घ्यायचं ठरलं. ज्यांच्या घरी विड्या नाहीतच त्यांनी शून्य लिहायचं का? हा तर मोठ्यांनाही अडवणारा प्रश्न. मी विचारलं, तुम्हाला वर्गाबद्दल बोलायचंय की विड्या वळणाऱ्या घरांबद्दल? घरांबद्दल, म्हणाले. मग शून्यं बाहेर. वर्गाबद्दल बोलायचं असतं तर शून्यं आत घ्यावी लागली असती आणि सगळं चित्र बदललं असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

तेवढ्यात एका मुलाची आई शाळेच्या फाटकाशी आली. ‘बाई, कारखान्यानं सांगितलंय का हे लिहून घ्यायला?’ मला तो प्रश्न फार आवडला. आकडे कोण मागतंय आणि त्यांचं काय करणार, हे विचारायचा हक्क त्या बाईला होताच. मी ते वर्गात तसंच मांडलं. मग मुलांनी ठरवलं, चिठ्ठीवर नाव नको, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, काम झालं की फाडायच्या.

नऊ चिठ्ठ्या निघाल्या. चढत्या क्रमानं: ५००, ६००, ७००, ७००, ७००, ८००, ८००, १०००, २३००. बेरीज ८१००, सरासरी ९००. मी विचारलं, ९०० विड्या कुणाच्या घरी होतात? कुणाच्याच नाही. नऊपैकी सात घरं त्या आकड्याच्या खाली. मग नऊ जणांना चिठ्ठ्या हातात देऊन ओळीत उभं केलं, दोन्ही टोकांचा एकेक जण एकाच वेळी खाली बसवत गेले. शेवटी मधला उरला, त्याच्या हातात ७००. हाच मध्यक. ‘हा बरोबर वाटतो बाई,’ वर्ग म्हणाला. बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, तोही ७००च, तो तर चिठ्ठ्या लावतानाच दिसला होता.

आणि २३००? नाव नव्हतं, तरी ती चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांना कळलंच. इतकं वेगळं घर लपत नाही. ती मुलगी स्वतःच उभी राहिली. ‘आमच्यात चौघी वळत्यात की. आई, दोन काकू आणि आजी.’ क्षणभर शांतता, मग पुढच्या बाकावरचा एक पोरगा वहीवर भागाकार करून ओरडला, ‘बाईमागं ५७५च की!’ सगळ्यात जास्त विड्यांचं घर एका दमात खालून दुसरं झालं. पण दुसऱ्या एकीनं लगेच हरकत घेतली, आमच्यातही दोघी वळतात, आमचेही भागा. मग नवा प्रश्न, नव्या चिठ्ठ्या, या वेळी दोन रकाने: विड्या किती, वळणाऱ्या किती.

नेमका त्या दिवशी वर्ग बघायला एक विषयतज्ज्ञ आले होते. मागे बसून त्यांनी सगळं पाहिलं. तास संपल्यावर म्हणाले, ‘सरासरी ९०० आली, तिथे संपलं होतं. पुढचा पाऊण तास कशासाठी? मध्यक नववीला आहे. एका प्रश्नाला तीन उत्तरं शिकवलीत तर मुलं पेपरात काय लिहितील? ज्याला एक उत्तर नाही ते गणित नाही, बाई. हे समाजशास्त्राच्या तासाला घ्या.’ आणि लॉगबुकात शेरा मारून गेले: ‘आशयबाह्य’.

तो शेरा मला अजून पाठ आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि त्यांना तेव्हा न दिलेलं उत्तर आठवलं.

मध्यक नववीला आहे हे खरं. गेली काही वर्षं आपण जी बालभारतीची पुस्तकं शिकवतोय त्यांत सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख आणि सरासरी, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख, आणि मध्यक-बहुलक नववीला. पण एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, सातवीच्या जुन्या पुस्तकात सरासरी, मध्यक, बहुलक तिन्ही एकत्र होते. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही, हा मुद्दाच निकाली निघतो. मुळात सरासरी एकटी शिकवू नये. एकटी शिकवली की मुलं तिला ‘खरं उत्तर’ समजतात. शेजारी मध्यक ठेवला की विचारतात, दोन्ही वेगळे का आले? हे विचारणं म्हणजेच सांख्यिकी. शेरा मारणाऱ्या त्या सरांच्याच वर्गाची चाचणीतली सरासरी एकदा मोठ्या कौतुकानं व्हॉट्सॲप गटावर फिरत होती. स्कॉलरशिपची चार-पाच पोरं वर चढलेली आणि निम्मा वर्ग पासाच्या रेघेखाली. तेव्हा मध्यक काढून दाखवला असता तर तोही आशयबाह्यच ठरला असता म्हणा.

आणि एका प्रश्नाला एकच उत्तर म्हणाल तर, पी. व्ही. सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातले, आणि प्रशांतचंद्र महालनोबिस, दोघेही जगानं मानलेले संख्याशास्त्रज्ञ, ते वाद घालत होते तो कशावर? पिकाचा अंदाज घ्यायला शेतातला केवढा तुकडा कापायचा यावर. महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्यांकडे. सुखात्मे दाखवत होते की तुकडा फार छोटा घेतला की हद्दीवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. शेत तेच, पीक तेच, मोजायची रीत बदलली की आकडा बदलला. माझी मुलं छाट धरायची की नाही यावर भांडत होती, तेव्हा दुसरं काय करत होती?

तुम्ही कुठे शिकवता ते लिहिलं नाहीत. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला अशा बाजूला असाल तर विड्या विसरा, पैसेवारी घ्या (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, रुपयाला किती पैसे असा). ५० पैशांच्या आत आली की गावात टंचाईचं बोलणं सुरू होतं, हे तिथल्या सातवीच्या पोराला तुमच्यापेक्षा आधी माहीत असतं. पीक कापणी प्रयोग कुठल्या गटात, म्हणजे कुठल्या शेतात, करायचा तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा का निवडतात, रस्त्याकडेचं बरं दिसणारं शेत का धरत नाहीत, एवढं जरी घरी विचारून यायला सांगितलंत तरी नमुना निवड शिकवून झाली. शहरात असाल तर ‘तुमच्या गल्लीत नळाला किती दिवसांनी पाणी येतं?’ हा प्रश्न घ्या. सोलापुरात तो विचारला की आवडत्या आईस्क्रीमकडे कुणी परत जात नाही.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. मजुरी किती मिळते, हे मी कधीच विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. ज्या मुलाला घरचं सांगायचं नसेल त्याला दप्तराचं वजन करू द्या. विड्यांना तोंड मारायला, म्हणजे वळलेल्या विडीचं टोक दुमडून बंद करायला, मुलंही बसतात, ते बोलण्यात येतं. तेव्हा तिथेच उपदेश सुरू केलात तर पुढच्या वेळी डब्यात खोट्या चिठ्ठ्या पडतील. नऊ घरांवरून सोलापूर असं नि तसं, असं लिहू देऊ नका. मुलांना तो मोह होतोच, आणि ते रोखणं हाही धड्याचाच भाग. आणि हो, पाठ्यक्रम पूर्ण करायचा दट्ट्या तुमच्यावर असेल तर एवढे तास मिळणार नाहीत. एका वर्षात असा एकच प्रश्न घ्या, पण पूर्ण घ्या. २९ जून हा महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून तो देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. शाळा नुकती उघडलेली असते, कुणाला अजून पोर्शनची घाई नसते. तेव्हा सुरुवात केलीत तर मुख्याध्यापकही हरकत घेणार नाहीत, ‘दिन साजरा’ म्हणून फोटो मिळतो.

स्तंभालेख शेवटी. आधी फरशीवर खडूनं संख्यारेषा आखा, प्रत्येक चिठ्ठीसाठी एक ठिपका. आकडे कुठे गर्दी करतात आणि कुठला एकटा पडलाय हे ठिपक्यांत दिसतं, स्तंभांत पुष्कळदा झाकलं जातं. प्रमाण, अक्ष, जोडस्तंभ हे सगळं पुस्तकात व्यवस्थित आहे, ते तुम्ही शिकवालच.

आणि चाचणीत काय विचारायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मी हा टाकते, पाच गुणांना: ‘एका गल्लीतल्या पाच घरांत नळाला ३, ४, ४, ४ आणि १० दिवसांनी पाणी आलं. सरासरी काढा, मध्यक काढा. तक्रारीच्या अर्जात यांपैकी कुठला आकडा लिहाल? का?’ सरासरी ५ येते, मध्यक ४. दोन्ही गणितांना मिळून दोन गुण, उरलेले तीन ‘का’ला. कुणी लिहिलं की दोन्ही नाही, मी दहा दिवसवालं घर लिहीन, आणि कारण पटेल असं दिलं, तर पूर्ण तीन द्या.