नातवंडांना घेऊन शिकागोतलं घरांचं संग्रहालय बघताना

ताई, साताऱ्याहून लेकीकडे निघालाच आहात, तर नातवंडांना नॅशनल पब्लिक हाउसिंग म्युझियम नक्की दाखवा. सरकारनं १९३८ साली भाडेकरूंसाठी बांधलेल्या जेन ॲडम्स होम्स वसाहतीची एकच इमारत पाडापाडीतून वाचली. २०२५ पासून तिथे हे संग्रहालय आहे.

जायच्या आधी एक गोष्ट जरूर करा. आपल्या पाटण-जावळीची कितीतरी माणसं गिरणीकामाला मुंबईला गेली आणि बीडीडी चाळीत राहिली. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. घरातल्या कुणाची अशी आठवण असेल तर पोरांना सांगा. खडूनं अंगणात तेवढी खोली आखा आणि सगळ्यांना आत झोपायला सांगा! मग तिथलं प्रत्येक स्वयंपाकघर ती नीट बघतील.

पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा:

- जुन्या कुटुंबांची घरं पुन्हा मांडली आहेत. ती मार्गदर्शकासोबत दाखवतात, त्याचं तिकीट आधीच काढा.
- एडगर मिलरनं घडवलेल्या दगडी प्राण्यांसाठी वेळ राखून ठेवा. वसाहतीतली पोरं त्यांच्यावर चढून खेळायची.
- फलक वाचून दाखवू नका. मुलं कंटाळतात ती तिथेच.

आणि "बिचारे गरीब" असं कृपा करून म्हणू नका; नवे लोक हमखास इथे चुकतात. मोडकळीला आलेल्या खोल्यांतून आलेल्यांना ही घरं हवीहवीशी होती. गृहनिर्माण धोरणाचा इतिहास सध्या राहू द्या, मुलांनी विचारलं तरच काढा.